लुगडं बघून लग्नाचं साल काढताय? आधी या चुका टाळा

आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकीबाळी माहेरी आल्या की घराघरात जुन्या पेट्या उघडतात, आणि मग दोन-तीन आठवडे माझ्या फोनवर नुसते फोटोच फोटो. "भाऊ, हा आमच्या आजोबांच्या लग्नाचा, कोणत्या सालचा असंल?" फोटो म्हणजे काय, तर भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलने काढलेला फोटो, काचेवर ट्यूबलाइट चमकतेय, नवरीचं तोंड त्या चमकेत गेलंय, कडा कापलेल्या. आणि उत्तर पाच मिनिटांत पाहिजे कारण संध्याकाळी ग्रुपवर टाकायचंय. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडचे असे फोटो मी बारा-तेरा वर्षं बघतोय आणि चुका त्याच त्याच आहेत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: कपड्याचं साल तेच फोटोचं साल

नवरी लुगड्यात दिसली की लोक "स्वातंत्र्याच्या आधीचा" म्हणून मोकळे होतात. अहो, आपल्या खेड्यांत शहरातल्या बायका गोल (पाचवारी) पातळावर आल्यानंतरही कितीतरी वर्षं लुगडं होतं, म्हाताऱ्या बायांनी तर ते शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि लग्नाच्या विधीला नवरी आजही नऊवारी नेसते. टोपीचंही तसंच. गांधी टोपी असहकाराच्या चळवळीत पसरली, म्हणजे ती दिसली तर फोटो साधारण 1920 नंतरचा एवढंच कळतं, पुढची हद्द काहीच कळत नाही, आपल्याकडे मामा-काका आजही तीच घालून मांडवात बसतात.

माझ्या मावशीच्या सासरी हेच झालं. घरात एकच फोटो, धुळ्याच्या स्टुडिओतला, मागे रंगवलेला पडदा, मोठे आबा कोट-टोपीत खुर्चीवर आणि मोठी माय शेजारी उभी, भारी काठाचं लुगडं, नाकात नथ. एका भाच्याने लुगड्याचा काठ कुठल्यातरी जुन्या चित्राशी जुळवला आणि 1936 ठरवून टाकलं. मी तेव्हा म्हटलं होतं की थांबा, घाई करू नका, पण वंशावळीचं पुस्तक छापायला गेलेलं, त्यात फोटोखाली "शुभविवाह, 1936" असं आलं. पुढे मी तो फोटो घेऊन मोठ्या मायजवळ बसलो, तिला दिसायचं कमी पण फोटो डोळ्याशी नेऊन बघितला आणि म्हणाली, "हाई लुगडं मनं नही, मनी जेठानीनं शे." म्हणजे हे लुगडं माझं नाही, माझ्या थोरल्या जावेचं आहे. मग सगळंच उलगडलं. जेठानीचं लग्न झालं त्या हिवाळ्यात सासरे फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला पायी गेले होते, म्हणजे डिसेंबर 1936, तर लुगडं त्या वेळचं. तिचं स्वतःचं लग्न गांधीजी गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे 1948, आणि त्या लग्नात फोटोवाला आलाच नव्हता. फोटो काढला तो त्यानंतर कधीतरी, बाजाराला धुळ्याला गेले तेव्हा, थोरला मुलगा चालायला लागला होता आणि स्टुडिओच्या बाहेर कोणाच्या तरी बोटाला धरून उभा होता. थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढला, जन्म 1950. म्हणजे फोटो 1951-52 चा. लुगडं, लग्न आणि फोटो, तीन वेगळी सालं, आणि पुस्तकात छापलं गेलं ते लुगड्याचं. कोट तर आबांचा नव्हताच, स्टुडिओतला होता, गिऱ्हाइकासाठी कोट-टाय ठेवायचे ते.

तेव्हापासून माझी सवय अशी की नवरा-नवरीकडे मी सगळ्यात शेवटी बघतो. त्यांच्या अंगावर तर ठेवणीतलं, उसनं नाहीतर आजीचं असतं. मी बघतो कडेला उभी असलेली पोरं, करवल्या, वाढपी, मांडवाच्या खांबाला टेकलेला कॉलेजातला दीर. नव्या फॅशनचं कापड आधी त्यांच्या अंगावर येतं. एका पोरीचा साधना कट (नटी साधनासारखी कपाळावर केसांची झालर) दिसला तर फोटो 1960 च्या आधीचा नाही, बाकी सगळ्या बाया लुगड्यात असल्या तरी. कोणाची बेलबॉटम, लांब कल्ले आणि मोठी कॉलर असेल तर सत्तरचं दशक धरा. टेरिकॉटच्या पॅंटची इस्त्रीची धार उन्हाळ्यातल्या मांडवातही कडक दिसते, सुतीची तशी राहत नाही, हे एकदा डोळ्यात बसलं की सुटत नाही. फोटोतल्या सगळ्यात नव्या वस्तूच्या आधी फोटो जाऊच शकत नाही, जुन्या वस्तू कितीही असू द्या. आणि फॅशन मुंबईहून भुसावळला गाडीने लवकर येते पण तिथून अक्कलकुवा-शहाद्याच्या गावात पोचायला वेळ लागतो, म्हणून खेड्यातला फोटो असेल तर मी पाच-सात वर्षं पुढची जागा सोडून ठेवतो. फुग्याच्या बाह्यांवर तर अजिबात विसंबू नका, ती फॅशन जाऊन परत आलेली आहे.

दुसरी चूक, जिचा मला खरंच राग येतो: फोटो पलटून न बघणं

लोक पुढची बाजू स्कॅन करतात, ॲपमधून रंगीत करून घेतात, आणि मूळ फोटो लॅमिनेट करतात किंवा प्लायवुडला फेविकॉलने चिकटवतात. संपलं. जे कपडे बघून महिनाभर कळणार नाही ते मागच्या शिक्क्यावर एका ओळीत असतं. शिक्क्यात "पू. खानदेश" किंवा "प. खानदेश" असेल तर तो शिक्का 1960 च्या आधी बनवलेला, कारण 1960 ला पूर्व खानदेशचं जळगाव आणि पश्चिम खानदेशचं धुळे जिल्हा असं नाव झालं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचा, त्या दिवशी पिनकोड सुरू झाला. जिल्हा नंदुरबार लिहिलं असेल तर 1998 नंतरचा, म्हणजे बहुतेक जुन्या फोटोची नवी कॉपी. कागदावर फिकट अक्षरात "अग्फा-गेव्हर्ट" दिसलं तर 1964 नंतरचा कागद, दोन्ही कंपन्या त्या साली एक झाल्या. "इंदू" असेल तर 1967 नंतरचा, उटीच्या सरकारी कारखान्यात तेव्हा उत्पादन सुरू झालं. फक्त एक लक्षात ठेवा, नवं नाव दिसलं तर फोटो नक्की त्यानंतरचा, पण जुनं नाव दिसलं म्हणून आधीचाच असं नाही, रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरणारे फोटोवाले होते.

पुठ्ठ्यावर चिकटलेला फोटो पाण्यात भिजवून सोडवायला जाऊ नका. फ्रेमच्या मागचे खिळे हळू काढा, काचेला चिकटला असेल तर तसाच राहू द्या आणि काचेसकटच कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्या.

तिसरी चूक पत्रिकेची. लग्नपत्रिका सापडली की सगळे खूश, आणि शके 1884 मध्ये 78 मिळवून 1962 लिहितात. पण मुहूर्त माघातला असेल तर? शके पाडव्याला बदलतो, इंग्रजी साल मधेच जानेवारीत बदलतं, म्हणून शके 1884 चा माघ हा 1963 मध्ये येतो, तिथे 79 मिळवायचे. आपली बरीच लग्नं तुळशीच्या लग्नानंतर फाल्गुनापर्यंत होतात, त्यामुळे ही एका वर्षाची चूक सारखी सापडते. आणि गुजराती-मारवाडी घरातली पत्रिका असेल तर आकडा शकेचा आहे की विक्रम संवताचा ते आधी बघा, 2019 संवत आणि 1884 शके, दोन्हींचा माघ 1963 मधलाच.

बाकीच्या पटापट सांगतो.

रंगवलेल्या फोटोतला साडीचा रंग खरा मानू नका, तो रंगवणाऱ्याने भरलेला.

"लग्नात काळी साडी कशी?" काळी नाही हो, लाल आहे. जुन्या कॅमेऱ्यातल्या प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा, कुंकूसुद्धा काळंच दिसतं.

पदर उजव्या खांद्यावर म्हणजे निगेटिव्ह उलटी छापली असं लगेच ठरवू नका. आपण गुजरातच्या शेजारी राहतो, गुजर आणि मारवाडी घरांत सीधा पदर घेतातच. पुरुषांच्या कोटाचा वरचा खिसा बघा, तो उजव्या छातीवर गेला असेल तर मात्र फोटो उलटा.

दागिन्यांवरून साल काढूच नका, पोत आणि पाटल्या तीन पिढ्या फिरतात.

नवरी लहान दिसते म्हणून 1930 च्या आधीचा, कारण मग बालविवाह रोखणारा शारदा कायदा आला, हेही चालत नाही. कायदा आला तरी खेड्यात लहान पोरींची लग्नं होतच राहिली.

आणि म्हाताऱ्या माणसाला "साल कोणतं?" असं विचारू नका, त्यांच्याकडे आकडा नसतो. दुष्काळाच्या आधी की नंतर, पाकिस्तानच्या लढाईत दिवे विझवायचे तेव्हा घरात कोण तान्हं होतं, थोरला कितवीत होता, असं विचारा आणि फोटो हातात द्या, मोबाईलवर दाखवू नका. हे काम दुपारी निवांत बसून होतं, आणि ते पुढच्या वर्षावर ढकलू नका. मोठी माय आता नाही. तिच्याजवळ मी त्या दिवशी दोन तास बसलो नसतो तर ते 1936 कायमचं राहिलं असतं.

साल सापडलं की मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनने नाही, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. एकच साल ठोकून लिहू नका, कशावरून ठरवलं तेही लिहा. मावशीकडच्या फोटोमागे आता माझ्या अक्षरात असं आहे: "फोटो 1951-52, धुळे. लग्न 1948. लुगडं जेठानीचं, 1936. मोठ्या मायने सांगितलं."