आरसी रेसिंग कार कशी बांधायची आणि ट्यून करायची (मोटर बदलायच्या आधीपासून)

रिमोटच्या गाडीचं वेड लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठली मोटर टाकू म्हणजे गाडी जास्त पळेल? मी आधी दुसरंच विचारतो, आत्ता जी मोटर आहे तिची ताकद चाकापर्यंत नीट पोचतेय का? कारण वळणं असलेल्या ट्रॅकवर लॅप टाइम ठरतो तो गाडी वळणातून किती वेग घेऊन बाहेर पडते त्यावर, आणि त्यात मोटरपेक्षा टायर, शॉक (धक्के शोषणारे दांडे) आणि नीट जोडलेली चेसिस (गाडीचा सांगाडा) यांचं काम जास्त असतं. म्हणून या लेखात मोटर बरीच उशिरा येईल, तोवर धीर धरा.

मी १/१० स्केलची, चारही चाकांना ड्राइव्ह असलेली इलेक्ट्रिक टूरिंग कार धरून लिहितोय, म्हणजे डांबर किंवा कार्पेटच्या ट्रॅकवर पळणारी. बग्गी (मातीच्या ट्रॅकवरची गाडी) असेल तरी जोडणीचा भाग जवळपास सगळा लागू पडतो, सेटिंगचे आकडे मात्र वेगळे.

किट निवडताना

तयार जोडलेली गाडी घेण्यापेक्षा किट घ्या, कारण रेसमध्ये काहीतरी मोडणारच आणि जी गाडी तुम्ही स्वतः जोडलीय ती दहा मिनिटांत उघडून परत बसवता येते. सुरुवातीला तामिया टीटी-०२ सारखी शाफ्ट ड्राइव्हची, प्लॅस्टिक टबची चेसिस पुरते, पुढे बेल्ट ड्राइव्हची कार्बन किंवा अॅल्युमिनियमची. पण त्याआधी एक करा, जिथे रेस करणार आहात तिथे कुठला क्लास चालतो ते विचारा. २१.५ टर्न, १७.५ टर्न, १३.५ टर्न असे मोटरचे क्लास असतात, टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे, टर्न जास्त तशी मोटर हळू. नवीन माणसाने २१.५ किंवा १७.५ मध्येच शिकावं असं माझं ठाम मत आहे, कमी वेगात चुका दिसतात, जास्त वेगात फक्त गाडी भिंतीवर दिसते.

जोडणी

इथे घाई करू नका, दोन-तीन संध्याकाळी लागू देत. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू पहिल्यांदा आत घातला की तो स्वतःचे आटे पाडतो, पुढच्या वेळी तोच स्क्रू लावताना आधी हलकेच उलटा फिरवायचा, बारीक "टक" जाणवतं, तिथून सुलटा घट्ट करायचा म्हणजे जुनेच आटे पकडतो आणि भोक झिजत नाही. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब, पण ते प्लॅस्टिकजवळ अजिबात नको, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात. आणि हेक्स ड्रायव्हर चांगला घ्या, झिजलेल्या टोकाने एकदा स्क्रूचं डोकं गोल झालं की तो काढण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकचे बुश (साध्या कड्या) असतील तर ते लावूच नका, पहिल्याच जोडणीत बॉल बेअरिंग घाला. सगळ्यात मोठा फरक पडणारा हा बदल आहे, मोटर थंड राहते, बॅटरी जास्त वेळ पुरते, आणि चाक मोकळं फिरतं. बेअरिंगमध्ये पातळ तेलाचा एक थेंब पुरे.

सस्पेन्शन आर्म बसवल्यावर शॉक लावायच्या आधी आर्म उचलून सोडून द्या. स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर पिनच्या भोकात रीमर हळूहळू फिरवा, जोर लावून भोक मोठं केलं तर आर्म लटपटेल आणि ते अडकण्यापेक्षा वाईट. सगळं जोडून झालं की मोटर न लावता गाडी सपाट फरशीवर ढकला, सरळ आणि आवाज न करता लांबपर्यंत गेली पाहिजे. कुठे खरखर आली तर तिथेच थांबून शोधा. मी एकदा हे टाळलं होतं, "पळवल्यावर होईल मोकळी" असं म्हणून, आणि पहिल्याच दिवशी मागच्या डिफचं (डिफरेन्शियल, वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) बेअरिंग गेलं.

डिफरेन्शियलमध्ये सिलिकॉन ऑइल भरायचं असतं. जाड ऑइल म्हणजे दोन्ही चाकं जवळपास एकत्र फिरतात, पातळ म्हणजे वळणात एक चाक सहज मागेपुढे होतं. टूरिंग कारला मागे ५,००० सीएसटीच्या (ऑइलच्या जाडपणाचं माप) आसपास सुरुवात करा, पुढे खूपच जाड किंवा सरळ लॉक केलेला स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारा. भरताना डिफ छोट्या वजनकाट्यावर ठेवून भरा आणि आकडा लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेवढंच भरलं तरच तुलना करता येते.

शॉक

यावर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे कारण नवीन लोकांच्या गाड्या उघडून बघितल्या की दहातल्या आठ गाड्यांमध्ये इथेच गडबड सापडते. शॉकमध्ये ऑइल भरा, पिस्टन सावकाश वरखाली करा, बुडबुडे वर येतील, मग तो उभा ठेवून विसरून जा, पंधरा-वीस मिनिटं तरी. घाईत टोपण लावलं की हवा आत राहते आणि तो शॉक कधी मऊ तर कधी कडक वागतो, तुम्ही मात्र स्प्रिंग बदलत बसता. सुरुवातीला ३५० ते ४५० सीएसटी ऑइल ठीक. काही बाटल्यांवर सीएसटी असतं काहींवर डब्ल्यूटी, हे दोन वेगळे आकडे आहेत, सरमिसळ करू नका.

भरून झाल्यावर डावा-उजवा जोडीचे शॉक स्प्रिंगशिवाय हातात घ्या, दोघांची टोकं एकमेकांना टेकवून दाबा. दोन्ही सारखेच आत जायला हवेत. एक आधी जात असेल तर उघडून पुन्हा भरा, आळस करू नका. लांबी पण कॅलिपरने मोजा, अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा ट्रॅकवर जाणवतो, गाडी डावीकडे छान वळते आणि उजवीकडे नाही.

इलेक्ट्रॉनिक्स बसवताना

सर्व्होचा (चाकं वळवणारी छोटी मोटर) हॉर्न (तिच्यावरचा छोटा दांडा) लावायच्या आधी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर येऊ द्या, ट्रिम (मध्य थोडा सरकवायचं सेटिंग) शून्यावर ठेवा, मगच हॉर्न लावा. मग एंड पॉइंट (सर्व्हो कुठपर्यंत वळेल त्याची मर्यादा) असा लावा की चाकं पूर्ण वळल्यावर सर्व्हो कण्हत राहणार नाही. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) ट्रान्समीटरशी कॅलिब्रेट करा, आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) तपासायलाच हवं, गाडी स्टँडवर ठेवून चाकं हवेत फिरत असताना ट्रान्समीटर बंद करा, चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर गाडी जमिनीवर ठेवायची नाही. चालू करताना आधी ट्रान्समीटर मग गाडी, बंद करताना आधी गाडी. सवयच लावून घ्या.

वायरी आखूड ठेवा आणि वजन डावी-उजवीकडे सारखं करा. गाडीच्या पुढे आणि मागे बरोबर मध्यावर टोकदार आधार देऊन उचला, ज्या बाजूला झुकेल तिच्या विरुद्ध बाजूला चिकटवायचं छोटं वजन लावा.

आता मोटर आणि गिअर

मोटर सेन्सरवाली ब्रशलेस घ्या, कमी वेगात धक्के न देता निघते आणि वळणातून बाहेर पडताना तेच लागतं. पिनियन म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, स्पर म्हणजे मोठा. स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले चेसिसचा आतला रेशो, हा झाला फायनल ड्राइव्ह रेशो. टीटी-०२ चं उदाहरण, स्पर ७०, पिनियन २२, आतला रेशो २.६, म्हणजे ८.२७. मोटर ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. ६३ मिमी व्यासाच्या टायरचा घेर साधारण १९८ मिमी, त्याला ८.२७ ने भागलं की जवळजवळ २४ मिमी, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात गाडी २४ मिमी पुढे जाते. याला रोलआउट म्हणतात आणि टायर झिजला की हा आकडा पण कमी होतो, हे बरेच जण विसरतात.

समजा मोटर ३,००० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला इतके फेरे) आहे आणि बॅटरी ७.४ व्होल्टची. ३,००० गुणिले ७.४ म्हणजे मिनिटाला २२,२०० फेरे, रोलआउटने गुणलं की ताशी साधारण ३२ किमी. पिनियन २५ चा केला तर रेशो ७.२८ होतो आणि वेग ३६ च्या पुढे. हे कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्षात लोड आल्यावर कमीच मिळेल, पण दोन पिनियनमध्ये किती फरक पडेल ते यातून नीट कळतं.

मोठा पिनियन लावला की मोटर तापते. म्हणून दर वेळी एकच दात वाढवा, तीन-चार मिनिटं पळवा, थांबल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरचं तापमान बघा. मी ७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की परत एक दात कमी करतो. मोटर फार तापली की रोटरचं चुंबक कमजोर होतं आणि ते परत येत नाही. मोटरचं टायमिंग (कॉइलला करंट किती आधी द्यायचा ते) वाढवलं की फेरे वाढतात आणि उष्णता पण, तेव्हा टायमिंग वाढवाल तर पिनियन लहान करा.

पिनियन-स्परमधली फट बघायला दोघांच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू घट्ट करा, पट्टी फिरवून बाहेर काढा. कागदावर घड्या उमटलेल्या हव्यात पण तो फाटलेला नको. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बघा कारण स्पर कधी कधी अगदी गोल नसतो. आणि ०.६ मॉड्यूलचा गिअर ४८ पिचच्या गिअरबरोबर लावू नका (ही दाताच्या आकाराची दोन वेगळी मापं), दिसायला सारखे वाटतात पण दात खाऊन टाकतात.

टायर

माझ्याकडे वेळ आणि पैसा मर्यादित असेल तर ते दोन्ही मी टायरवरच घालवीन. मोटर कितीही भारी असली तरी रस्त्याला टेकलेले असतात ते चार छोटे पट्टेच. आपल्या ट्रॅकवर जे लोक जिंकतायत त्यांचे टायर कुठले आहेत ते बघा आणि तेच घ्या, इथे वेगळा प्रयोग नको. रबर टायर चिकटवायच्या आधी रिम आणि टायरची कड क्लीनरने पुसा, साच्याचं तेलकट राहिलं की गोंद धरत नाही आणि भर रेसमध्ये टायर रिमवरून निघतो. पातळ सुपरग्लू थोडा थोडा, चष्मा आणि हातमोजे घालून.

ट्रॅकवरचं सेटिंग

सपाट काच किंवा सेटअप बोर्ड लागेल. बॅटरीसकट, पळायच्या अवस्थेत गाडी ठेवा. राइड हाइट (चेसिसची जमिनीपासूनची उंची) ५ ते ५.५ मिमी, कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) चारही चाकांना उणे १.५ ते २ अंश, मागे टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) ३ अंशाच्या जवळपास, पुढे शून्य किंवा किंचित टो-आउट (टोकं बाहेर). मग ट्वीक (चेसिसचा पीळ) बघा, चाकूच्या पात्यावर गाडीचा पुढचा मधला भाग सावकाश उचला, दोन्ही पुढची चाकं एकदम उचलली गेली पाहिजेत. एक आधी उठलं तर चेसिस पिळलेली आहे किंवा त्या बाजूचा शॉक कमी-जास्त आहे, वरच्या डेकचे (चेसिसवरची वरची पट्टी) स्क्रू सैल करून, गाडी सपाट दाबून परत आवळा.

आता पळवा आणि गाडी काय सांगतेय ते ऐका. वळायला मागत नसेल, नाक बाहेर जात असेल तर पुढची स्प्रिंग एक पायरी मऊ करा. मागून घसरत असेल तर मागची मऊ करा किंवा टो-इन अर्धा अंश वाढवा. जास्त ग्रिपमुळे वळणात गाडी उलटत असेल तर राइड हाइट कमी करा, पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर गोंदाचा पातळ थर दिला तरी फायदा होतो. पण एका वेळी एकच बदल. दोन बदल केले आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. मी वहीत तारीख, हवा, टायर, बदल आणि सलग पाच लॅपचे टाइम लिहितो, एक सगळ्यात वेगवान लॅप लिहून उपयोग नाही, पाचही लॅप जवळजवळ सारखे आले तर सेटिंग बरोबर.

बॉडी लेक्सनची (पारदर्शक पॉलिकार्बोनेट) असते, ती आतून रंगवायची, पॉलिकार्बोनेटचाच रंग वापरून, आधी गडद मग फिका. बॉडी जितकी खाली बसेल तितकी चांगली पण टायर घासू देऊ नका. फक्त सरळ रेषेत टॉप स्पीड गाठायचा नाद असेल तर बॉडीच सगळं ठरवते, कारण हवेवर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते, दुप्पट वेगाला आठपट. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या निक केस यांनी आपल्या गाडीने ताशी ३२५.१२ किमीचा गिनेस विक्रम केला, त्या गाडीचं नावच आरसी बुलेट. तशा वेगाला साधे रबर टायर फुगून फाटतात, त्यामुळे रेसच्या गाडीने असले प्रयोग करू नका आणि जिथे माणसं उभी आहेत तिथे तर मुळीच नको.

बॅटरी

२एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, नाममात्र ७.४ व्होल्ट) पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. चार्ज १ सी ने करा, म्हणजे ५,००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने, बॅलन्स वायर (दोन्ही सेल सारखे भरण्यासाठीची) लावून आणि फायरप्रूफ पिशवीत, समोर बसून. ईएससीचा कट-ऑफ प्रत्येक सेलला ३.२ व्होल्टच्या खाली ठेवू नका. रेस संपल्यावर घरी येऊन प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, चार्जरमध्ये स्टोरेज मोड असतो त्यासाठी. माझी एक चांगली बॅटरी पूर्ण भरलेली महिनाभर पडून राहिली आणि फुगली, तिचा कडक खोका एका बाजूने उचलला गेला होता आणि ती चेसिसमध्ये बसेना. अशी बॅटरी दिसली तर पुन्हा चार्जला लावू नका, पूर्ण डिस्चार्ज करून ई-कचऱ्यात द्या.