वयस्कर होत चाललेल्या श्रीमंत देशाचा हिशेब कसा मांडायचा? जपानचे आकडे घेऊन

जपानमध्ये शंभरातली 29 माणसे पासष्टीच्या पुढची आहेत, एवढे सांगून बहुतेक लेख थेट चिंतेकडे वळतात. पण या टक्केवारीवरून बोजा किती आणि तो कोण उचलतो, हे कळत नाही. त्यासाठी दोन वर्षांचे आकडे आणि शाळेतले त्रैराशिक पुरते. वर्षे घ्या 1995 आणि 2023. 1995 यासाठी की 15 ते 64 वयोगटातली जपानी लोकसंख्या त्या सुमारास शिखरावर होती.

आधी गुणोत्तर काढा. 1995 मध्ये 15 ते 64 वयाचे 8.72 कोटी आणि 65 वरचे 1.83 कोटी लोक होते. 2023 मध्ये हेच आकडे 7.40 आणि 3.62 कोटी. भागाकार केला की दर शंभर 'कामाच्या वयाच्या' माणसांमागे वृद्ध 21 वरून 49 वर गेलेले दिसतात. भीतीदायक मथळे इथूनच निघतात.

मग ते दुरुस्त करा. कामाच्या वयाचा म्हणजे कामावर असलेला नव्हे. सोळा वर्षांचा विद्यार्थी वरच्या आकड्यात मोजला जातो, पण सत्तरीतला टॅक्सीचालक मोजला जात नाही. म्हणून भाजकात प्रत्यक्ष रोजगारात असलेले लोक घ्या: 1995 मध्ये 6.46 कोटी, 2023 मध्ये 6.75 कोटी. कामाचे वय असलेले 1.3 कोटींनी घटले, तरी काम करणारे वाढले! बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या, 65 ते 69 वयातले निम्म्याहून अधिक लोक काम करत राहिले, आणि काही प्रमाणात परदेशी कामगारही आले. (2019 पासून त्यांच्यासाठी वेगळा कौशल्य-व्हिसा आहे, भारताने त्याबाबतचा करार जानेवारी 2021 मध्ये केला.) आता भागाकार उलटा करा, म्हणजे एका वृद्धामागे किती कमावणारे ते पाहा: ते 3.5 वरून 1.9 वर आले असे दिसेल. घसरण मोठीच आहे, पण पहिल्या पद्धतीने, म्हणजे कामाच्या वयाचे सगळे धरून, ती 4.8 वरून 2.0 अशी दिसली असती. मात्र हा उपाय पुन्हा पुन्हा वापरता येत नाही. घरी असलेल्या बायका एकदा कामावर आल्या की तो साठा संपतो. शिवाय नव्या नोकऱ्यांत अर्धवेळ कामे बरीच आहेत. जमल्यास माणसांऐवजी कामाचे तास मोजा.

पेन्शनचा दर. आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून आजची पेन्शन द्यायची असेल, तर सूत्र साधे आहे: वर्गणीचा दर = पगाराच्या किती टक्के पेन्शन ÷ एका वृद्धामागे किती कमावते. पेन्शन पगाराच्या 40 टक्के धरू. 1995 च्या प्रमाणाने 40 ÷ 3.5, म्हणजे साधारण 11.4 टक्के, 2023 ला 40 ÷ 1.9, म्हणजे 21 टक्के. जपानमधला प्रत्यक्ष दर 18.3 टक्के आहे, निम्मा मालकाचा आणि निम्मा कामगाराचा. फरक पडतो तो मुख्यतः दोन कारणांनी: सर्वांना मिळणाऱ्या मूळ पेन्शनचा निम्मा खर्च सरकारी तिजोरी उचलते, आणि मोठा राखीव निधी आहे.

हा दर 2004 च्या सुधारणेत ठरला आणि 2017 मध्ये गोठला. म्हणजे पुढचा ताण वर्गणीवर न येता पेन्शनवर येणार. पेन्शनची वाढ महागाई आणि पगारवाढीपेक्षा थोडी कमी ठेवायची, अशी ती युक्ती. इथेच गाडी अडली. प्रत्यक्ष रक्कम कापायची नाही अशी अट होती, आणि जपानमध्ये भाव वाढतच नव्हते. जिथे वाढच नाही तिथे वाढ कमी कशी करणार? त्यामुळे 2004 चा नियम पहिल्यांदा लागू झाला 2015 मध्ये. तोवर आधीच्या पिढीला जास्त मिळत राहिले आणि कपात पुढच्या पिढीच्या माथी गेली. कुठल्याही देशाची पेन्शन सुधारणा वाचताना म्हणूनच आधी विचारा: महागाई शून्य असेल तर हे चालेल का?

65 आणि 75 वेगळे ठेवा. पेन्शनला 65 ची रेषा चालते, पण दवाखाना आणि शुश्रूषेचा खर्च 75 नंतर चढतो. 2023 मध्ये जपानमधल्या 3.62 कोटी वृद्धांपैकी सुमारे दोन कोटी 75 च्या पुढचे होते. त्यांच्यासाठी 2008 पासून वेगळी आरोग्य योजना आहे. रुग्णाने स्वतः भरलेला वाटा वगळला तर ढोबळमानाने निम्मा पैसा करातून, 40 टक्के तरुणांच्या विम्यातून आणि 10 टक्के वृद्धांच्या हप्त्यातून येतो. शुश्रूषा विमा एप्रिल 2000 पासून आहे. त्याचा हप्ता वयाच्या चाळिशीपासून सुरू होतो. तरुणांवरचा बोजा मोजताना नुसती पेन्शन धरली, तर या दोन कपाती निसटतात. उपभोग कर (खरेदीवर लागणारा कर) 1989 मध्ये 3 टक्के होता, 2019 मध्ये 10 झाला. सरकारला तो आवडतो, कारण तो पेन्शनरही भरतात.

शेवटी कर्ज. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे. नुसता हा आकडा लिहून थांबू नका, व्याजाशी गुणा. सरासरी व्याज एक टक्क्याने वाढले तर वार्षिक खर्च उत्पन्नाच्या दोन टक्क्यांनी वाढेल; पण लगेच नाही, जुने रोखे मुदत संपून नव्या दराने निघतील तसतसा. रोख्यांचा जवळपास निम्मा भाग मध्यवर्ती बँकेकडे आहे, म्हणून तो हिशेबातून वगळण्याचा मोह होतो. वगळू नका. व्याजदर वाढले की त्या बँकेलाही व्यापारी बँकांच्या ठेवींवर जास्त व्याज द्यावे लागते, आणि सरकारकडे परत येणारा तिचा नफा तेवढा घटतो.