मानसोपचार वॉर्डातल्या या चुका टाळा: सगळं खापर आजारावर नको

मानसोपचार वॉर्डात पोस्टिंग लागली की नवीन सिस्टरला भीती असते पेशंट अंगावर धावून येण्याची. मला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पेशंट काहीतरी खरं सांगत असतो आणि आपण "आजारामुळे बडबडतोय" म्हणून पुढच्या बेडकडे वळतो.

माझीच चूक आधी सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, नाईट ड्यूटी. विशीतला मुलगा, दोन दिवसांपासून हॅलोपेरिडॉल (भास-भ्रम आवरणारं औषध) चालू. रात्री अकराला त्याने व्हरांड्यात फेऱ्या सुरू केल्या. बसवलं की उठायचा. उभा राहिला की या पायावरून त्या पायावर भार टाकत राहायचा. "ताई, पाय गप बसू देत नाहीत, काहीतरी करा ना," चारदा म्हणाला. मी केसपेपरवर लिहिलं, 'अस्वस्थ, आक्रमक, ऐकत नाही.' फोनवर डॉक्टरांना तेवढंच वाचून दाखवलं. साहजिकच हॅलोपेरिडॉलचा आणखी एक डोस सांगितला गेला. पहाटेपर्यंत पोरगा भिंतीवर डोकं आपटत होता. सकाळी सरांनी राऊंडला एकच प्रश्न विचारला, "घालमेल मनात होतेय की पायात?" तो म्हणाला, "पायात."

याला अकॅथिसिया म्हणतात. औषधाचाच दुष्परिणाम, आणि मी त्यात त्याच औषधाची भर घातली होती. डोस कमी केला, प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, दोन दिवसांत तो पत्ते खेळायला बसला. तेव्हापासून 'आक्रमक' हा शब्द मी लिहीत नाही. काय पाहिलं ते लिहिते: किती वाजता, काय केलं, त्याच्या तोंडचे शब्द कोणते. डॉक्टर फोनवर आपल्या डोळ्यांनीच पेशंट बघत असतात.

याच जातीच्या औषधांनी मान एका बाजूला वळते, डोळे वर लागतात. घरच्यांना वाटतं अंगात आलं, स्टाफला वाटतं नाटक. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने हे 'नाटक' बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतं. पण ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम आणि गोंधळलेलं बोलणं एकत्र दिसलं तर पुढचा डोस हातात घेऊ नका, आधी डॉक्टरांना बोलवा. त्यात जीव जाऊ शकतो.

उलटी चूक बाहेरच्या वॉर्डांत होते. मांडीचं हाड मोडून ऑर्थोला दाखल झालेले काका तिसऱ्या रात्री चादरीवरच्या न दिसणाऱ्या मुंग्या झटकायला लागतात, सलाईन उपटतात. "डोकं फिरलंय, मानसोपचारला हलवा," असा कॉल येतो. शेवटची दारू कधी घेतली, हे ॲडमिशनला कोणी विचारलेलंच नसतं. दारू अचानक सुटल्याने होणारा हा भ्रम साधारण दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढतो. नाडी, ताप, साखर बघा, हातांची थरथर बघा. आणि ग्लुकोज लावण्याआधी थायमिनची (जीवनसत्त्व बी-1) आठवण करून द्या. सिस्टरने डॉक्टरांना आठवण करून देण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

लिथियम (मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणारं औषध) रक्तात किती आहे हे तपासायला रक्त घ्यायच्या दिवशी सकाळची गोळी आधी देऊन टाकणं ही तर नेहमीची चूक. नमुना शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी हवा, नाहीतर आकडा फुगलेला येतो आणि सगळे घाबरतात. डिस्चार्जच्या वेळी नुसतं "भरपूर पाणी प्या" पुरत नाही. निर्जळी उपास, वारीतली उन्हातली चाल, जुलाब, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेलं डायक्लोफिनॅक, यातल्या कशानेही लिथियम अंगात साचतं, हे नावानिशी सांगा. उलट्या, हाताला मोठा कंप, झोकांड्या अशी लक्षणं दिसली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना.

आता बांधून ठेवण्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 97 प्रत्येक सिस्टरने स्वतः वाचावं, कारण रात्री दोनला पट्टा आपल्या हातात असतो. तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हाच, तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही. स्टाफ कमी आहे एवढ्याच कारणाने तर नाहीच. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. (पन्नास पेशंटना एक सिस्टर हे कोणी ठरवलं, हा वाद घालायचाच, पण तो प्रशासनाशी.) पद्धत, कारण आणि वेळ ताबडतोब कागदावर हवी, नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीने नेमलेल्या माणसाला) 24 तासांत कळवायला हवं. साखळी कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. कोंडून ठेवणंही नाही. आणि बांधलेल्या माणसाजवळून हलू नका: श्वास, बोटांचा रंग, पाणी, लघवी. एकदा हँडओव्हर घेताना मला 'बेड 9, शांत' एवढंच लिहिलेलं मिळालं. जाऊन पाहिलं तर मनगट सुजलेलं आणि बोटं गार.

आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. औषध लागू पडून पेशंट हिंडाफिरायला लागला की पहारा ढिला होतो. तिथेच फसगत असते, कारण मन उभारी धरायच्या आधी हातापायांत बळ येतं. राऊंडही दर पंधरा मिनिटांनी घड्याळ लावल्यासारखा नको. पेशंटला तो पाठ होतो.