चावऱ्या पाळीव सापाला शांत करताना

पाळलेल्या सापाच्या पेटीचे दार उघडताच तो मान मागे खेचून फुत्कारू लागला, किंवा हात आत जाण्याआधीच झेपावला, की मालक त्याला आक्रमक ठरवून मोकळा होतो. पुढे त्या पेटीत जाणारा प्रत्येक हात बिचकत जातो, अर्ध्यावर थांबतो, झटक्याने मागे येतो, आणि सापाला घाबरण्याचे आणखी एक कारण मिळते. साप डूख धरतो असे आपल्या भाषेत म्हटले जात असले, तरी त्याच्या मेंदूत सूडाला जागा नाही; कोणत्या हालचालीनंतर आपल्यावर काय ओढवते, एवढे मात्र तो शिकतो. चावऱ्या सापाला शांत करायचे म्हणजे त्याने शिकलेले हळूहळू बदलायचे, आणि त्याची सुरुवात पेटीपासून करावी लागते. हाताळणीची पाळी बरीच नंतर येते.

पुढील विवेचन बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंगस्नेक, बोआ यांसारख्या बिनविषारी, माणसाकडेच जन्मलेल्या आणि पाळण्यास कायद्याची मुभा असलेल्या सापांपुरते आहे. विषारी सापाला हाताची सवय लावण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, आणि रानातून पकडलेल्या सापाकडून अशा सवयीची अपेक्षाही ठेवू नये.

सर्वप्रथम साप भ्यायलेला आहे की भुकेला, हे ओळखावे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास त्रास वाढतो. भ्यायलेला साप मागे सरकतो, मान नागमोडी दुमडून धरतो, फुत्कारतो, कॉर्न स्नेकसारखा असेल तर शेपटीचे टोक थरथरवतो, आणि उचललाच तर दुर्गंधी स्राव किंवा विष्ठा सोडतो. तो चावला तरी बहुतेक वेळा क्षणात सोडतो. भुकेला साप याच्या अगदी उलट वागतो. तो डोके बाहेर काढून, जीभ भराभर लवलवत, नजर हलत्या वस्तूवर रोखून पुढे येतो, आणि चावल्यावर न सोडता वेटोळे घालू पाहतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. उंदराचा वास लागलेला ऊबदार हात पेटीत गेला तर सापाच्या लेखी तो उंदीरच असतो, आणि त्यात सापाची काही चूक नाही.

तिसरे कारण आजाराचे. कित्येक महिने शांत असलेला साप अचानक चावू लागला, तर हाताळणीच्या युक्त्या शोधण्याआधी त्याचे शरीर नीट पाहावे. डोळ्यांभोवती आणि हनुवटीखालच्या खवल्यांत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके हलताना दिसणे किंवा सापाने तासन्तास पाण्याच्या भांड्यात बसून राहणे, ही माइट्स नावाच्या परजीवींची खूण असू शकते. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, तोंडाशी बुडबुडे येणे, श्वासाचा शिट्टीसारखा आवाज होणे हे श्वसनमार्गाच्या संसर्गाकडे बोट दाखवते, तर पोटाकडचे खवले लालसर किंवा फोडासारखे दिसू लागले तर पेटीच्या तळाशी पसरलेला थर फार ओला राहत आहे असे समजावे. अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवण्यास पर्याय नाही. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळसर होतात आणि सापाला नीट दिसत नाही. त्या काळातला चिडचिडेपणा स्वाभाविक असून कात पूर्ण उतरेपर्यंत त्याला हात लावू नये. अंडी किंवा पिल्ले पोटात असलेली मादीही अशीच एकटी सोडावी.

आता पेटी. माझ्या मते चावऱ्या सापांच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ इथेच सापडते, आणि म्हणूनच इथे घाई करू नये. सापाला स्वतःची उष्णता निर्माण करून शरीर गरम ठेवता येत नाही. तो उबदार आणि थंड जागांमध्ये ये-जा करून तापमान राखतो. त्यामुळे पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड हवी. बॉल पायथनसाठी उबदार बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७ अंश, तर कॉर्न स्नेकसाठी अनुक्रमे २९ ते ३१ आणि २२ ते २५ अंश ठेवावे. आर्द्रता बॉल पायथनला ६० टक्क्यांच्या आसपास, आणि कॉर्न स्नेकला ४० ते ५५ टक्के पुरते. काचेवर उंच चिकटवलेला तापमापक साप जिथे बसतो तिथले तापमान दाखवत नाही, म्हणून संवेदक उबदार बाजूच्या लपणीत, म्हणजे सापाच्या लपण्याच्या जागेत, थरालगत ठेवावा. उष्णता देणारे प्रत्येक साधन थर्मोस्टॅटवरच, म्हणजे तापमान ठरावीक राखणाऱ्या उपकरणावरच चालवावे. विजेवर तापणारे दगड मिळतात, ते टाळावेत. त्यांनी साप भाजतो, आणि भाजलेला साप चावला तर त्याला आक्रमक कसे म्हणावे?

तापमानाइतकेच महत्त्व लपण्याच्या जागेला आहे. उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, अशा किमान दोन लपणी हव्यात, नाहीतर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एकच निवडावी लागते. लपण प्रशस्त असावी असे मालकाला वाटते. सापाला मात्र चारही बाजूंनी अंग टेकेल अशी घट्ट, एकच तोंड असलेली जागा आवडते. मधला मोकळा भाग पाने, फांद्या, कृत्रिम वेली यांनी भरावा, आणि चारही बाजू काचेच्या असतील तर तीन बाजूंना बाहेरून कागद लावावा. सापाला बाह्य कान नसले तरी तळातून येणारी कंपने त्याला चांगली जाणवतात, म्हणून ध्वनिवर्धकाजवळ किंवा सतत आपटणाऱ्या दाराजवळ पेटी ठेवू नये. एका पेटीत एकच साप ठेवावा. किंगस्नेक इतर सापांना खातो, हे विसरून केलेली सोबत एकाच्या पोटात संपते.

अन्नाचे वेळापत्रक ठरवताना भक्ष्य सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढे असावे, हा ढोबळ नियम उपयोगी पडतो. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, प्रौढ सापाला दहा ते चौदा दिवसांनी किंवा जातीनुसार त्याहूनही उशिरा खाऊ घालतात. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने द्यावा. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करू शकतो. खाऊ घालण्यासाठी सापाला वेगळ्या डब्यात हलवावे, म्हणजे तो हाताची सांगड अन्नाशी घालत नाही, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. तो मला पटत नाही, कारण खाण्याच्या आवेशात असलेल्या सापाला परत उचलून पेटीत ठेवणे हेच चावा ओढवून घेण्यासारखे आहे. त्याऐवजी पुढे सांगितलेली खूण शिकवावी.

नवीन आणलेल्या, किंवा पेटी बदललेल्या सापाला एक ते दोन आठवडे पाणी बदलणे आणि सफाई याव्यतिरिक्त अजिबात त्रास देऊ नये, आणि सलग दोन-तीन वेळा त्याने विनातक्रार खाल्ल्यावरच हाताळणी सुरू करावी. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास त्याला उचलू नये. अन्यथा तो अन्न उलटून टाकू शकतो.

हाताळणीपूर्वी साबणाने हात धुवावेत, म्हणजे भक्ष्याचा वास राहत नाही. पेटी उघडल्यावर थेट हात न घालता सापहुकने (साप उचलण्याच्या, टोकाला वाकवलेल्या काठीने), किंवा कागदाच्या गुंडाळीने, सापाच्या शरीराच्या पुढच्या भागाला हळुवार स्पर्श करावा आणि काही क्षण थांबावे. ‘आज अन्न नाही’ ही ती खूण. ती प्रत्येक वेळी, न चुकता दिली आणि अन्न देताना कधीच दिली नाही, तरच सापाला तिचा अर्थ कळतो. साप आक्रसून घेतो किंवा जीभ संथपणे बाहेर काढू लागतो, तेव्हा बाजूने हात न्यावा. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. एकदा हात पुढे केला की तो न अडखळता शरीराच्या मध्याखाली सरकवावा, दुसऱ्या हाताने उरलेल्या भागाला आधार द्यावा, आणि डोके किंवा शेपटी धरू नये. सापाला आवळून न ठेवता एका हातावरून दुसऱ्या हातावर वाहू द्यावे. हात थरथरत असतील तर सुरुवातीला पातळ चामडी हातमोजे घालण्यात कमीपणा नाही. धीट दिसण्यापेक्षा हात न झटकणे महत्त्वाचे.

पहिल्या खेपांना पाच मिनिटे पुरतात. आठवड्यातून दोन-तीनदा, शक्यतो ठरावीक वेळी, हा क्रम ठेवून हळूहळू दहा-पंधरा मिनिटांपर्यंत जावे. साप फुत्कारला किंवा झेपावला की लगेच त्याला परत ठेवले, तर झेपावल्याने हात निघून जातो हे तो नेमके शिकतो. म्हणून शक्य असेल तेव्हा निश्चल राहून तो क्षणभर सैल पडण्याची वाट पाहावी आणि मगच ठेवावे. मात्र साप सतत झेपावत असेल, तर त्याला थकवून शांत करण्याचा अट्टहास करू नये. तो दिवस सोडून द्यावा, आणि पुढचे काही दिवस पेटीत हुकचा स्पर्श करून एवढ्यावरच थांबावे.

चावा बसलाच तर हात ओढू नये. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असल्याने ओढल्यास कातडी फाटते आणि सापाचे दातही तुटतात. तो सोडत नसेल तर डोके हळूच पुढे, हाताच्या दिशेने सरकवावे किंवा तोंडावर थंड पाण्याची धार सोडावी. जखम साबण आणि पाण्याने धुवावी, खोल असेल किंवा धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना दाखवावे. चावा बसो वा न बसो, प्रत्येक हाताळणीनंतर हात धुवावेत, कारण सापांकडून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो; पाच वर्षांखालील मुलांना सापापासून दूरच ठेवावे.

हे सारे करताना एका वहीत तापमान, खाणे, कात, हाताळणीची मिनिटे आणि सापाचे वागणे यांच्या नोंदी ठेवाव्यात. सुधारणा आठवड्यांत आणि बहुधा महिन्यांत मोजावी लागते, आणि वहीशिवाय ती डोळ्यांना दिसत नाही. पिल्ले वाढत्या वयाबरोबर पुष्कळदा आपोआप निवळतात; काही साप मात्र कधीच हातात रमत नाहीत, आणि त्यांची देखभाल हुकच्या साहाय्याने करून त्यांना पाहण्यातच आनंद मानावा. भक्ष्याला वेटोळे घालून आवळणाऱ्या, अडीच मीटरहून लांब सापांच्या बाबतीत, स्वभाव कितीही शांत असला तरी, दुसरी सज्ञान व्यक्ती हाताशी असल्याशिवाय पेटी उघडू नये आणि साप गळ्यात घालू नये.