शाळेतला स्टुडिओ आणि कोकणातला पावसाळा : या चुका टाळा

फोन साधारण ऑगस्टमध्ये येतो. "सर, कॅमेरा चालू होतोय, पण सगळं धुरकट दिसतंय." मी विचारतो, शेवटचा कधी वापरलात? पलीकडे जरा शांतता. मग, "मे महिन्यात... मंडळाने दिला तेव्हा."

दापोली-गुहागरकडच्या प्राथमिक शाळांत मी या कामासाठी फिरतो. खोली बघायची, माइक जोडून द्यायचा, बाईंना आणि चौथीच्या पोरांना रेकॉर्डिंग शिकवायचं. शाळा बदलते, चुका त्याच. दरवेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कॅमेरा जपून ठेवणे

एका शाळेला मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून चांगला डीएसएलआर दिला. नारळ फुटला, भाषणं झाली. मुख्याध्यापकांनी कॅमेरा चामडी बॅगेत घातला, बॅग मखमली कापडात गुंडाळली, लोखंडी कपाटात जुन्या रजिस्टरांशेजारी ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. मृगाचा पाऊस लागला. १५ ऑगस्टला झेंडावंदनाचे फोटो काढायला कपाट उघडलं तर बॅगेवर पांढरी बुरशी. लेन्स टॉर्चसमोर धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ही बुरशी आतल्या काचेवर असते, बाहेरून पुसून जात नाही. लेन्स उघडावी लागते, आणि काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर साफ करूनही डाग राहतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, मी तर कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता!" तिथेच तर घोळ झाला होता.

हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिली की बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळाभर ती ऐंशीच्या पुढेच खेळत असते. त्यात अंधार, आणि चामडं, कापड, कागद ही सगळी ओल धरणारी मंडळी शेजारी. बुरशीला याहून चांगलं बिऱ्हाड कुठे मिळणार?

माझी पद्धत साधी आहे. झाकणाला रबर असलेला घट्ट डबा घ्यायचा, घरी पापड-कुरडयांना वापरतात तसला. त्यात सिलिका जेल, म्हणजे ओल पिणारे दाणे, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. आकडा ४० ते ५०च्या दरम्यान हवा. दाणे नारिंगी घ्या, ओल प्यायले की हिरवे होतात आणि तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते मुलांच्या शाळेत आणूच नका. आणि कुठलेही दाणे पोषण आहाराच्या कढईत तापवायचे नाहीत. (एका ठिकाणी तयारी झाली होती.) सिलिका जेलऐवजी तांदूळ घालणाऱ्यांना एवढंच सांगतो, टोके होतील.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढून पोरांच्या हातात द्यायचा, पाऊस असो नसो. त्या शाळेत आता डबा चौथीच्या वर्गात असतो आणि मीटरचा आकडा एक मुलगी रोज फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली लिहिते. मुख्याध्यापक अजून अधूनमधून कपाटाकडे बघतात.

आवाजाचा विचार शेवटी करणे

"स्टुडिओ" म्हटलं की गावकरी सगळ्यात नवी खोली देतात. स्लॅब, गुळगुळीत गिलावा, खाली फरशी. आत जाऊन एक टाळी वाजवा, ती परत येऊन तुम्हाला भेटेल. त्या खोलीत गोष्ट सांगणारी मुलगी घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येते. "ते नंतर मोबाइलवर ॲपने काढू," असं म्हणणारे उत्साही तरुण शिक्षक मला दर वर्षी भेटतात. ॲपने घुमारा थोडा जातो, पण त्याबरोबर पोरीचा आवाजही पत्र्यासारखा होतो.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. घुमारा जेमतेम कमी होतो, पावसात ते भिजट होतात, आणि पुठ्ठ्याचे असल्यामुळे आग लागली तर भडकतात. पोरांच्या खोलीत ही जोखीम कशाला? एका शाळेत मासेमारीची जुनी जाळी टांगली होती. दिसायला झकास, आवाजाला शून्य. जाड वाकळी मागवा, प्रत्येक घरात एखादी पडून असते. भिंतीला चिकटवून न लावता चार बोटं अंतर सोडून दोरीवर टांगा, म्हणजे जास्त आवाज पितात. खाली चटया घाला. जुनी कौलारू, चिऱ्याची, गिलावा नसलेली खोली मिळत असेल तर नवी खोली आनंदाने संगणकांना द्या. पत्र्याची असेल तर पावसाच्या सरीत रेकॉर्डिंग बंद, त्याला इलाज नाही.

हे सगळं केलं तरी माइक टेबलाच्या पलीकडे ठेवला तर पाणी फिरलं. तोंडापासून एक वीत, जरा बाजूला. अंतर निम्मं केलं की माइकवर आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. एवढा फायदा कुठल्याही महागड्या वस्तूने होत नाही.

आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या पोराला उभं करून लावा. शिमग्यानंतरच्या आठवड्यात एका शाळेत मी ती लाजाळू मुलीवर लावली. दुसरा आला तो शिमग्याच्या सोंगातल्या संकासुराची नक्कल करणारा. त्याच्या पहिल्याच आरोळीपासून रेकॉर्डिंग फाटलं, आणि त्याला पुन्हा तशी आरोळी जमली नाही ती नाहीच.

बाकीच्या, भराभर

माइकमध्ये गुं-गुं आवाज येतोय, लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात? चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. गुणगुण थांबली तर माइक बदलू नका, वायरमनला अर्थिंग दाखवा. कातळावरच्या शाळांत एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

स्वस्त एलईडीखाली व्हिडिओत पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा.

कॉलर माइक जोडूनही फोन ऐकत नसेल तर पिन बघा. हेडफोनचं गोल भोक असलेल्या फोनला तीन काळ्या रेघांची पिन लागते. दोन रेघांची कॅमेऱ्याची असते, तिला वेगळी जोडणी घ्यावी लागते. यापायी चांगले माइक "बिघडले" म्हणून परत गेलेले मी पाहिलेत.

हिरवा पडदा. मुलांच्या मागे समुद्राचं चित्र लावायला हिरवा पडदा घेतलेली शाळा मी पाहिली आहे. समुद्र शाळेपासून दहा मिनिटांवर. पडद्याला सुरकुत्या, दिवे अपुरे, पोरांच्या कानांच्या कडा हिरव्या. चालत जा किनाऱ्यावर. फक्त माइकला केसाळ टोपी घाला, नुसत्या स्पंजला खारा वारा ऐकत नाही. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, आणि परत आल्यावर कॅमेरा व स्टँड किंचित ओलसर फडक्याने, मग कोरड्याने पुसा.

पालकांची लेखी संमती व्हिडिओ टाकण्याआधी घ्या, नंतर नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूलच धरले आहेत. मी तर व्हिडिओत पोराचं पूर्ण नाव आणि वाडी सांगूच देत नाही. आजोबा रागावतात, "आमच्या नातवाचं नाव का नाय आलं?" त्यांना शाळेत बोलावून आमच्याच टीव्हीवर व्हिडिओ दाखवतो, तिथे नाव मी स्वतः मोठ्याने घेतो.