मेमकॅर फास्ट करायचाय? मधला लूप सोडा राजेहो, आधी कडा सांभाळा

सी लायब्ररीतला मेमकॅर, म्हणजे स्पेलिंगने एम-ई-एम-सी-एच-आर, दिसायला एवढंसं फंक्शन आहे की कोणालाही वाटतं दुपारच्या चहाआधी लिहून टाकू. एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता), एक बाइट, एक लांबी, तेवढ्या मेमरीत तो बाइट शोधायचा, सापडलं तर पत्ता द्या, नाही सापडलं तर नल, म्हणजे रिकामा पत्ता. मलाही तसंच वाटलं होतं. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आम्ही चारपाच जण वीज मीटरचं रीडिंग गोळा करणाऱ्या एका डब्याचं सॉफ्टवेअर लिहून राहिलो होतो, डब्यात ६४ बिटचा आर्म प्रोसेसर, वर लिनक्स, आणि कोणीतरी कधीतरी कापून-छाटून ठेवलेली सी लायब्ररी, जिच्यातला मेमकॅर एकेक बाइट चाटत पुढे सरकायचा. मीटरच्या फ्रेमची सुरुवात आणि शेवट ७ई (हेक्स, म्हणजे १६ च्या पद्धतीत लिहिलेला आकडा) ह्या बाइटने होतो, त्यामुळे आमचा डबा दिवसभर तेच शोधत बसायचा. मी म्हटलं मी करून देतो फास्ट. मधला लूप एका संध्याकाळी झाला, कडा, म्हणजे बफरची (शोधायच्या मेमरीच्या तुकड्याची) सुरुवात आणि शेवट, नीट करायला तीन आठवडे गेले, म्हणून हे लिहून राहिलोय.

पहिले मोजा. पण स्पीड नाही, अंतर मोजा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये मेमकॅरला किती लांबी दिली जाते आणि मॅच सरासरी कितव्या बाइटवर सापडतो, हे माहीत नसताना ऑप्टिमाइझ करणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं. लिनक्सवर एलडी प्रीलोडने (लायब्ररीच्या आधी आपलं फंक्शन लावायची सोय) मधे एक छोटं फंक्शन घुसवा, त्यात २५६ खणांचा ॲरे ठेवा, सापडलेल्या अंतराचा खण वाढवा (२५५ च्या पुढचं सगळं शेवटच्या खणात), प्रोग्रॅम संपताना छापा. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे बहुतेक शोध ३०-४० बाइटच्या आतच संपायचे, आणि मी तिकडे एक एमबीच्या बफरवर आकडे काढून स्वतःची पाठ थोपटत होतो.

आता नियम काय ते पाहा, कारण बरेच जण इथेच घसरतात. तुम्ही दिलेला बाइट इंट म्हणून येतो पण तुलना अनसाइन्ड कॅर म्हणूनच करायची, म्हणजे कोणी उणे १ पाठवला तर एफएफ शोधायचा, साधा कॅर वापरला की १२७ च्या वरचे बाइट एका मशीनवर सापडतात आणि दुसऱ्यावर नाही. दुसरं, लांबी शून्य असेल तर मेमरीला हातसुद्धा लावायचा नाही. तिसरं सगळ्यात चिवट: २०११ च्या सी स्टँडर्डपासून स्पष्ट लिहिलंय की मेमकॅर एकेक बाइट क्रमाने वाचतोय आणि मॅच सापडताच थांबतोय असंच त्याचं वागणं दिसलं पाहिजे. म्हणजे कोणी खऱ्या बफरपेक्षा मोठी लांबी दिली, पण मॅच बफरच्या आतच आहे, तर कॉल कायदेशीर आहे आणि तुम्ही क्रॅश व्हायचं नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

एकेक बाइट सोडून आठ-आठ बाइट एकदम पाहायची जुनी युक्ती अशी. जो बाइट शोधायचा तो आठही जागी भरून एक ६४ बिटचा शब्द बनवा, म्हणजे ०१०१०१ वाल्या आकड्याने गुणा. मेमरीतला शब्द त्याच्याशी एक्सॉर करा (सारखे बिट शून्य होतात, वेगळे एक). जिथे मॅच होता तिथे शून्य बाइट उरला. मग प्रश्न एवढाच राहतो की शब्दात शून्य बाइट आहे का, आणि त्याचं उत्तर तीन ऑपरेशनमध्ये मिळतं: शब्दातून सगळीकडे ०१ वजा करा, मूळ शब्दाच्या उलट्याशी अँड करा, मग सगळीकडे ८० शी अँड करा. काही उरलं तर शून्य आहे, आणि लिटल एंडियन मशीनवर (जिथे शब्दाचा खालचा बाइट मेमरीत आधी येतो) सगळ्यात खालच्या लागलेल्या बिटचा नंबर तीनने उजवीकडे शिफ्ट केला, म्हणजे आठने भागला, की नेमकी जागा मिळते.

ह्या तीन ओळींत एक खोट आहे, आणि ती आपल्या नागपूरच्या पिनकोडवरच दिसते. ४४०००१ घ्या, जीपीओचा. ह्यात शून्य हे अक्षर शोधायचंय. आस्कीत ० म्हणजे हेक्स ३० आणि १ म्हणजे ३१, तर एक्सॉर केल्यावर बाइट उरतात ०४, ०४, ००, ००, ००, ०१. आता ०१ वजा करा. तिसऱ्या जागी शून्यातून एक जात नाही म्हणून शेजाऱ्याकडून हातचा घेतला, चौथ्यानेही घेतला, पाचव्यानेही, आणि तो हातचा सहाव्या जागच्या ०१ वर येऊन पडला. तिथे ०१ वजा ०१ वजा हातचा म्हणजे एफएफ, वरचा बिट लागला, आणि शेवटचं १ हे अक्षरसुद्धा मॅच म्हणून उभं राहिलं! समोरून शोधत असाल तर चिंता नाही, कारण खोटा बिट नेहमी खऱ्याच्या वरच असतो आणि तुम्ही सगळ्यात खालचा घेता. पण मागून शोधणारा मेम-आर-कॅर लिहिताना तेच सूत्र चिकटवलं, तर तो छातीठोकपणे सांगेल की शेवटचं शून्य सहाव्या जागी आहे, जिथे १ बसलाय. मी हेच केलं होतं, आणि माझ्या टेस्टमध्ये सगळा डेटा एबीसीडी असल्यामुळे पकडलंच गेलं नाही. मागून शोधायचं असेल किंवा मशीन बिग एंडियन, म्हणजे उलट्या क्रमाचं, असेल तर हातचा न घेणारं सूत्र वापरा: शब्दाला सगळीकडे ७एफ शी अँड करा, त्यात ७एफ मिळवा, मग मूळ शब्द आणि ७एफ दोन्ही ऑर करा, शेवटी उलटा करा. एकदोन ऑपरेशन जास्त लागतात, लागू द्या.

आता कडा. पॉइंटर कुठूनही येतो, आठच्या पटीत असेलच असं नाही. सुरुवातीचे बाइट एकेक करून पाहायचे आणि पट आली की शब्दाने चालायचं, ही सोपी पद्धत, मसल नावाची सी लायब्ररी अशीच करते आणि तिचा कोड वाचायला सुंदर आहे. पण शोध ३० बाइटमध्ये संपत असेल तर त्यातले सात बाइट रांगत जाणं महाग पडतं. दुसरी पद्धत म्हणजे पत्ता खाली आठच्या पटीवर ओढा, तिथून पूर्ण शब्द वाचा, आणि सुरुवातीच्या आधीचे बाइट बाद करा. बफरच्या आधीचं वाचणं ऐकायला भयंकर वाटतं, पण हार्डवेअरच्या नजरेत मेमरीचं संरक्षण पानागणिक असतं, पान कमीत कमी ४०९६ बाइटचं, आणि ४०९६ ला ८ ने, १६ ने, ३२ ने, ६४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून पटीत वाचलेला तुकडा कधीच दोन पानांवर पडत नाही. एक जरी बाइट तुमच्या हक्काचा असेल तर बाकीचे वाचल्याने फॉल्ट येत नाही. पटीत नसलेलं वाचन मात्र पान ओलांडू शकतं, आणि पुढचं पान मॅप नसेल तर खेळ खलास. वर सांगितलेला क्रमाने वाचायचा नियम नेमका इथेच मोडतो. माझा डबा असाच दोन-तीन दिवसांतून एकदा झोपायचा, तेही फक्त बफर पानाच्या टोकाला आला की, आणि साइटवरचा माणूस म्हणायचा भाऊ लाइट गेली असंल.

बाद करताना परत तोच हातचा आडवा येतो बरं का. आधीच्या कचऱ्यात योगायोगाने मॅच असेल, आणि तुमच्या पहिल्या बाइटचा एक्सॉर ०१ असेल, तर कचऱ्याचा हातचा तुमच्या हद्दीत घुसतो आणि खालचे बिट पुसले तरी खोटा मॅच टिकून राहतो. उपाय सोपा आहे, एक्सॉर झाल्यावर लगेच, वजाबाकीच्या आधी, कचऱ्याच्या बाइटवर एफएफ ऑर करून टाका. एफएफमधून एक आरामात जातो, हातचा लागत नाही.

व्हेक्टर रजिस्टर (एकदम १६-३२ बाइट मावणारे) असले की ही हातच्याची कटकटच मिटते, कारण तुलना प्रत्येक बाइटची स्वतंत्र होते. ६४ बिटच्या इंटेल-एएमडीवर एसएसई२ (व्हेक्टर इन्स्ट्रक्शनचा संच) असतंच, तेव्हा १६ बाइट एकदम: पीसीएमपीईक्यूबीने तुलना, पीमूव्हएमएसकेबीने १६ बिटचा मास्क (दर बाइटला एक बिट), शून्य नसेल तर सगळ्यात खालचा बिट. एव्हीएक्स२ असेल तर ३२, पण परत जाण्याआधी व्हीझीरोअपर (रजिस्टरचे वरचे भाग शून्य करणारी इन्स्ट्रक्शन) विसरू नका, नाहीतर नंतर येणारा जुना एसएसई कोड रडत चालतो आणि दोष तुमच्यावर कोणी टाकणारही नाही. आर्मवर मास्क काढायची थेट इन्स्ट्रक्शन नाही, तिथे तुलनेच्या १६ बाइटवर एसएचआरएन ४ ने चालवायचं, प्रत्येक बाइटचे ४ बिट उरून ६४ बिटचा मास्क तयार होतो, खालचे शून्य मोजा आणि चारने भागा. ही युक्ती कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो होतो.

सुरुवातीला इथे दोन रस्ते आहेत. एक तर खाली ओढून वाचा आणि मास्क उजवीकडे शिफ्ट करा. नाहीतर पत्त्याचे खालचे १२ बिट पाहा, पान ओलांडणार नसेल तर जिथून मागितलं तिथूनच सरळ वाचा, ओलांडणार असेल तरच खाली ओढा. मला दुसरा आवडतो, कारण छोट्या शोधात पहिल्याच वाचनात पूर्ण १६ किंवा ३२ बाइट कामाचे मिळतात, आणि तो पानवाला इफ जवळपास कधीच लागत नसल्यामुळे ब्रँच प्रेडिक्टर (इफ कुठे वळेल ह्याचा अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग) त्याला फुकटात निभावतो.

मोठ्या बफरसाठी चार व्हेक्टरची तुलना करून चारही निकाल ऑर करायचे आणि एकदाच तपासायचं, एवढंच. ह्या लूपवर जास्त घासू नका, बफर कॅशच्या बाहेर गेला की तसंही तुम्ही रॅमची वाट पाहत बसता.

शेवटची कड म्हणजे लांबी. सगळ्यांचा हात आधी सुरुवात अधिक लांबी करून शेवटचा पॉइंटर काढण्याकडे जातो. पण स्ट्रएनलेन (ठरावीक मर्यादेत स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन) बरेचदा मेमकॅरवरच बांधलेला असतो, आणि लोक त्याला साइज-टी ह्या लांबीच्या टाइपची सगळ्यात मोठी किंमत बिनधास्त देतात. मग बेरीज गुंडाळून शेवट सुरुवातीच्या मागे जातो आणि फंक्शन म्हणतं काहीच सापडलं नाही. बेरीज गुंडाळली तर शेवट सगळ्यात मोठ्या पत्त्यावर टेकवा, किंवा उरलेली लांबी मोजत चला. आणि शेवटच्या तुकड्यात मॅच सापडला तरी त्याची जागा लांबीच्या आत आहे का हे पाहिल्याशिवाय परत करू नका.

कंपायलरचंही थोडं. मेमरीतून शब्द वाचताना कॅर पॉइंटरला थेट लाँग पॉइंटर बनवलं की स्ट्रिक्ट अलायसिंगचा नियम (एका टाइपची मेमरी भलत्याच टाइपने वाचायची नाही) मोडतो, जीसीसीत मे-अलायस ॲट्रिब्यूट लावलेला टाइप वापरा. आणि लायब्ररीच लिहीत असाल तर जीसीसी तुमचा साधा मेमसेटचा (मेमरी एकाच बाइटने भरायचा) लूप ओळखून त्याजागी मेमसेटलाच कॉल टाकू शकतो, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलवत स्टॅक संपवतं, त्यासाठी त्या फाइलपुरतं ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स हा पर्याय बंद करा. ॲड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरचं वाचन पकडणारं कंपायलरचं साधन) खाली ओढून वाचण्यावर बोंब मारेल, त्या फंक्शनला सूट द्या, पण फक्त त्यालाच.

टेस्ट अशी करा. एममॅपने (लिनक्सकडून मेमरी मागायचा कॉल) सलग दोन पानं घ्या, दुसऱ्या पानाची सगळी परवानगी एमप्रोटेक्टने काढा, आणि बफर पहिल्या पानाच्या अगदी टोकाला टेकवा. मग ० ते ६३ पर्यंत प्रत्येक सरक, ० ते ३०० पर्यंत प्रत्येक लांबी, मॅच प्रत्येक जागी, शिवाय सुरुवातीच्या एक बाइट आधी आणि लांबीच्या एक बाइट नंतर मुद्दाम ठेवलेला खोटा मॅच, आणि शेजारी एका बिटने वेगळा बाइट, म्हणजे आपला ४४०००१ वाला किस्सा. उलट बाजूनेही करा, पहिलं पान बंद आणि बफर दुसऱ्याच्या सुरुवातीला, मेम-आर-कॅर तिथेच सापडतो. निकाल एकेक बाइटवाल्या साध्या फंक्शनशी ताडून पाहा. सगळं मिळून काही सेकंदात होतं, तरी लोक करत नाहीत.

आणि बेंचमार्क मे महिन्यात दुपारी करू नका, हे मी हसण्यासाठी सांगत नाहीये. बाहेर ४५, घरात कूलर नुसती दमट हवा फेकून राहिला, लॅपटॉप तापला की क्लॉक खाली येतो, आणि तुम्ही जुना कोड आधी आणि नवा नंतर चालवला असेल तर नवा हमखास हळू दिसतो. माझी अख्खी एक दुपार ह्यात गेली, मी चांगला कोड फेकून जुन्यावर परत गेलो होतो. टर्बो (प्रोसेसरचा आपोआप वाढणारा क्लॉक) बंद करा, टास्कसेटने एका कोरवर बांधा, जुना-नवा-जुना-नवा असे आळीपाळीने चालवा आणि मधला आकडा घ्या. मॅचची जागा प्रत्येक कॉलला बदलती ठेवा, नाहीतर ब्रँच प्रेडिक्टर पाठ करून टाकतो आणि तुमचा आकडा खऱ्या प्रोग्रॅममध्ये कधीच दिसत नाही. जमलं तर सकाळी सहाला करा, मी शेवटचे आकडे तेव्हाच काढले आणि मग तर्री पोहे खायला गेलो.

एकापेक्षा जास्त बाइटचा तुकडा शोधायचा असेल, म्हणजे मेममेम, तर पहिला बाइट मेमकॅरने शोधून पुढे मेमकॉम्प (दोन तुकडे ताडून पाहणारं फंक्शन) लावणं नेहमीच्या डेटावर बरं चालतं, फक्त सगळा डेटा एकाच बाइटचा आला की ते गुणाकाराने हळू होतं, म्हणून मोठ्या तुकड्यांसाठी क्रोशमोर आणि पेरँ ह्यांची १९९१ ची टू-वे पद्धत वापरतात, जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) आणि मसल दोन्हीकडे ती पाहायला मिळेल.

आमच्या डब्यात शेवटी काय गेलं विचाराल तर १६ बाइटचा आर्मवाला, पानाचा इफ असलेला, चार व्हेक्टरचा लूप काढून टाकलेला. लूप लिहिला होता मी, छान चालायचाही, पण आमच्या फ्रेम तिथपर्यंत पोचायच्याच नाहीत.