टार्ट वॉर्मर विकायला ठेवताय? मग या चुका टाळा

मेणबत्त्यांच्या छोट्या धंद्यात वॅक्स मेल्ट, म्हणजे बिनवातीच्या सुगंधी मेणाच्या वड्या, ज्यांना टार्ट म्हणतात, आल्या की पाठोपाठ वॉर्मरची विचारणा सुरू होते. "हे वितळवायचं कशावर?" असं चार गिऱ्हाइकांनी विचारलं की आपण घाऊक विक्रेत्याचा कॅटलॉग उघडतो, दिसायला छान असे पाच-सहा नमुने निवडतो आणि ऑर्डर टाकून मोकळे होतो. मीही तसंच केलं होतं. पहिल्या खेपेचे चिनी मातीचे वॉर्मर इतके देखणे होते की आठवड्यात संपले. पुढच्या आठवड्यात फोन यायला लागले. कुणाच्या टेबलावर मेण सांडलं होतं, कुणाच्या वाटीत नुसताच तेलकट थर उरला होता, कुणाचा वास तासाभरात उडून गेला होता. वॉर्मरला मात्र एकानेही नावं ठेवली नाहीत. सगळ्यांचं म्हणणं एकच, "तुमचे टार्ट बरोबर नाहीत."

मेणबत्ती स्वतःची उष्णता स्वतःच तयार करते. टार्टचं तसं नाही, त्याला जी उष्णता मिळेल तेवढाच तो बोलतो. त्यामुळे वॉर्मर निवडताना तुम्ही खरं तर आपल्या सुगंधाचा निम्मा भाग निवडत असता, आणि तो बिघडला तर नाव तुमच्या मेणाचंच खराब होतं.

वाटी न मोजता माल मागवणं

माझी पहिली चूक हीच होती. ते वॉर्मर मुळात पाण्यात तेलाचे थेंब टाकून वापरायचे ऑइल बर्नर होते. कॅटलॉगमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात, फोटोत फरक कळत नाही. पण त्यांची वाटी उथळ असते. टार्ट घट्ट असताना तो वाटीत ऐटीत बसतो, वितळल्यावर मेण काठापर्यंत येतं आणि कुणी वॉर्मर जरासा सरकवला की बाहेर.

मोजायला फार काही लागत नाही. सॅम्पलच्या वाटीत काठाखाली बोटभर जागा सोडून पाणी भरा आणि ते मापात ओतून बघा. वितळलेलं मेण पाण्याहून हलकं असतं, म्हणून २५ ग्रॅमचा टार्ट साधारण ३० मिलीलिटर जागा घेतो. वाटीत २० मिलीलिटरच मावत असेल तर तो वॉर्मर तुमच्या टार्टसाठी नाही, मग तो कितीही सुंदर असो. तुम्ही कप्प्यांच्या डबीत लहान तुकडे विकत असाल तर एका तुकड्याचं वजन करा. लोक एका वेळी दोन तुकडे टाकतात, हे धरूनच हिशोब करा.

ऑइल बर्नर वापरायची सवय असलेली माणसं टार्टबरोबरही वाटीत पाणी घालतात. हे खरोखर धोक्याचं आहे. पाणी जड असल्यामुळे मेणाखाली जाऊन बसतं आणि उकळायला लागलं की वाफेबरोबर गरम मेण उडवतं. "वाटीत पाणी घालू नये" ही ओळ खोक्यावर ठळक छापून घ्या.

वाटी आतून ग्लेझ केलेली, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर दिलेली आहे ना, तेही पाहा. ग्लेझ नसेल तर तेल मातीत मुरतं आणि लॅव्हेंडरनंतर लावलेल्या व्हॅनिलाला कायम लॅव्हेंडरचा वास येत राहतो.

"इलेक्ट्रिक म्हणजे जास्त गरम" असं धरून चालणं

हा समज फार पक्का आहे, आणि बऱ्याचदा उलटं असतं. एका साध्या टीलाइटची, म्हणजे छोट्या कपातल्या मेणबत्तीची ज्योत अंदाजे ३० ते ४० वॅट उष्णता देते, तीही थेट वाटीच्या बुडाखाली. प्लगमध्येच अडकवायचे छोटे वॉर्मर १५ वॅटच्या आसपास असतात, बल्बचे टेबलावरचे वॉर्मर २५ ते ३५ वॅटचे, आणि बल्बची बरीच उष्णता बाजूने निघून जाते. म्हणून टीलाइटवर टार्ट झपाट्याने वितळतो, घर लगेच घमघमतं, पण वरच्या हलक्या नोट्स, म्हणजे लिंबू, संत्रं, पुदिना यांच्यासारखे वास लवकर संपतात. इलेक्ट्रिकवर सुरुवात सौम्य असते, पण तोच टार्ट जास्त तास टिकतो.

मेण वितळणं आणि सुगंध पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या. डब्यात ओतायचं मऊ सोया वॅक्स साधारण ४५ ते ५५ अंश सेल्सिअसला वितळतं, मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना. वाटीतलं मेण जेमतेम वितळण्याइतकंच तापलं तर ते पातळ दिसेल, पण खोलीत वास पसरणार नाही. तुमचे टार्ट कडक मेणाचे असतील, त्यात मधमाशीचं मेण असेल, तर मंद वॉर्मर त्यांना पेलणारच नाही.

हे मला एका संध्याकाळी नीट कळलं. एकाच भांड्यातून ओतलेले तीन टार्ट घेतले आणि एक टीलाइटवर, एक बल्बच्या वॉर्मरवर, एक प्लगमधल्या वॉर्मरवर ठेवून घड्याळ लावून बसले. टीलाइटवरचा सर्वात आधी पाण्यासारखा झाला. बल्बवाल्याच्या कडा पाघळल्या, मग मधला भाग हळूहळू खाली बसला. प्लगवाल्यात दोन तासांनीही मधोमध सुपारीएवढं पांढरं बेट तरंगत होतं, आणि वाटीवर वाकून श्वास घेतल्याशिवाय वास येत नव्हता. मेण तेच, तेल तेच, प्रमाणही तेच. तो प्लगवाला मी विकला असता तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, टार्टमध्ये सुगंध कमी घातलाय. आणि मग मी फ्रेग्रन्स ऑइल वाढवत बसले असते.

वास कमी येतोय म्हणून तेलाचं प्रमाण वाढवत जाणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मेण ठरावीक मर्यादेपर्यंतच तेल धरून ठेवतं. त्यापुढचं तेल टार्टच्या अंगावर घामासारखं सुटतं, डबी चिकट होते आणि वास मात्र वाढत नाही. आधी वॉर्मर बदलून पाहा.

असा प्रयोग प्रत्येक सॅम्पलवर करा, निदान चार-पाच तास सलग. थर्मामीटर टोक बुडवायचा घ्या आणि टोक वाटीच्या तळाला टेकू देऊ नका. लांबून रोखून मोजणारे थर्मामीटर चकचकीत धातूवर खरं तापमान असतं त्याहून कमी दाखवतात, त्यांच्या आकड्यावर विसंबू नका. मेणाचं तापमान मोजताना वॉर्मरची बाहेरची बाजू, खालचं टेबल आणि वायर यांनाही दर तासाला हात लावून पाहा. टेबल हात ठेवता येणार नाही इतकं तापत असेल तर तो नमुना तिथेच बाद.

टीलाइटच्या वॉर्मरमध्ये हवेला वाट नसणं

नक्षी कोरलेले, जवळजवळ बंद वॉर्मर दिसायला मोहक असतात. आत हवा नीट खेळली नाही तर एक तर ज्योत गुदमरून विझते किंवा कोंडलेल्या उष्णतेने टीलाइटचं सगळं मेण पातळ होऊन भलतंच तापतं आणि पूर्ण कपच पेट घेऊ शकतो. म्हणून खाली हवा आत यायला भोकं हवीत आणि वरून गरम हवा बाहेर पडायला जागा हवी.

ज्योत आणि वाटीचं बूड यांतलं अंतरही बघा. ज्योत बुडाला चाटत असेल तर दोन-तीन वेळांतच काळी काजळी धरते आणि गिऱ्हाईक समजतं की तुमचं मेण धूर करतं. टीलाइट पेटवून मान तिरकी करून आत बघा, ज्योतीचं टोक बुडाच्या खाली मोकळं राहायला हवं. साधा टीलाइट जवळपास चार तास जळतो. आठ तास चालणारे मोठे टीलाइट या वॉर्मरमध्ये चालतात का, ते तुम्ही स्वतः लावून पाहिल्याशिवाय सांगू नका. सोबत टीलाइट देणार असाल तर बिनवासाचेच द्या, नाही तर खाली गुलाब आणि वर कॉफी असा घोळ होतो.

मेणाने पेट घेतलाच तर पाणी मारायचं नाही, झाकण ठेवून हवा तोडायची. हेही लिहून द्या. लोकांना हे माहीत असतं असं आपण धरून चालतो, पण नसतं.

बल्बचा पुढचा विचार न करणं

बल्बच्या वॉर्मरमध्ये प्रकाश ही जोडीला मिळणारी गोष्ट आहे, खरं काम उष्णतेचं. जुन्या पद्धतीचे तारेचे आणि हॅलोजन बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवतात, म्हणून तर ते इथे उपयोगी. बल्ब गेला की गिऱ्हाईक दुकानात जातं, त्याच खाचेचा एलईडी आणतं, तो बरोबर बसतो, छान पेटतो आणि मेण दगडासारखं घट्टच राहतं. जीयू१०, म्हणजे दोन पिनांचा बल्ब फिरवून बसवायच्या खाचेच्या वॉर्मरबाबत ही तक्रार हमखास येते. "वॉर्मर चालू आहे पण वितळत नाही" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारा, बल्ब कधी बदलला का?

शिवाय हे बल्ब मिळणंही अवघड होत चाललं आहे. युरोपीय संघात थेट विजेवर चालणारे स्पॉटलाइट पद्धतीचे हॅलोजन २०१६ मध्ये आणि घरगुती वापराचे बरेचसे इतर हॅलोजन २०१८ मध्ये बाजारातून मागे घ्यायला सुरुवात झाली. अमेरिकेतही साध्या बल्बांवरचे कडक नियम २०२३ पासून लागू आहेत. म्हणून बल्बचा वॉर्मर ठेवायचा असेल तर त्याचे जादा बल्ब स्वतःच विकायला ठेवा, आणि खाच व वॅट दोन्ही खोक्यावर छापा. बल्बऐवजी तापणारी प्लेट असलेला वॉर्मर मला हल्ली जास्त पसंत पडतो. तो दिसायला साधा असतो, पण बदलायचं काही नसतं आणि उष्णता थेट वाटीला मिळते.

मात्र प्लेटवाल्यावर व्होल्टेज वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. २३० व्होल्टसाठी बनवलेली साधी कॉइल १२० व्होल्टवर लावली तर पाव शक्तीनेच तापते, मेण ढिम्म हलत नाही. उलट केलं तर जवळपास चौपट वीज ओढते, आणि मग जळकट वास येतो तो सुगंधाचा नसतो. ऑनलाइन सॅम्पल मागवताना ही गफलत सहज होते. तुम्ही जिथे विकणार तिथल्या विद्युत सुरक्षेचं प्रमाणपत्र सप्लायरकडून कागदावर मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर वॉर्मरच्या बुडावरच्या नंबराशी जुळवून पाहा. नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. वायरवर चालू-बंदचं बटण असावं, टायमर असेल तर फारच चांगलं, कारण माणसं वॉर्मर चालू ठेवून बाहेर जातात.

मेण बदलायचं कसं, हे न सांगणं

सुगंध उडून जातो, मेण तिथेच राहतं. नव्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. वाटी भरलेली दिसते, वास येत नाही, म्हणजे टार्ट खराब, असा त्याचा सरळ हिशोब असतो. खोक्यात एक छोटी चिठ्ठी टाका, "वास संपला की मेण बदला, ते आटत नाही." कोमट मेण कापसाच्या बोळ्याने टिपून घेता येतं. वाटी सुटी निघत असेल तर ती पूर्ण गार झाल्यावर थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवली की मेण आकसून वडीसारखं सुटतं. गरम वाटी मात्र थेट फ्रीझरमध्ये गेली तर तडा ठरलेला. मेण सिंकमध्ये ओतू नये, पाइपात ते पुन्हा घट्ट होतं.

म्हणून सुटी निघणारी वाटी मी पसंत करते. पण ती बेतशीर घट्ट बसायला हवी. सैल वाटी घसरते, आणि लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरात घसरलेली वाटी म्हणजे भाजल्याचं निमित्त. रिकामी असताना आणि पाणी भरून, दोन्ही वेळा धक्का देऊन बघा. सुट्या वाट्या वेगळ्याही विकायला ठेवा. वाहतुकीत सगळ्यात आधी फुटते ती वाटीच, आणि एका वाटीपायी अख्खा वॉर्मर परत घेणं छोट्या धंद्याला परवडत नाही.

एकदम बारा डिझाइनं

सुरुवात दोन नमुन्यांनी करा, एक टीलाइटचा, एक प्लेटचा. दोन्ही तुमच्या सगळ्या सुगंधांवर तपासलेले असले की गिऱ्हाइकाला ठामपणे सांगता येतं, हा टार्ट यावर इतके तास चालतो. बारा डिझाइनं ठेवली की ते सांगता येत नाही, आणि प्रत्येकाचे वेगळे बल्ब, वेगळ्या वाट्या सांभाळण्यात जागा आणि पैसा अडकतो.

तेच मॉडेल पुन्हा मागवलं तरी मी नव्या खेपेतला एक नग काढून पाण्याचं माप आणि पाच तासांचा प्रयोग पहिल्यापासून करते. मागच्या वेळी त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या वॉर्मरची वाटी चार मिलीमीटरने उथळ आली होती. ते बाकीची खोकी उघडायच्या आत कळलं, म्हणून सगळी खेप आली तशी परत गेली.